जागेची आठवण मोजताना

एक पाटी. तिच्यावर नऊ लाकडी ठोकळे बसवलेले, दिसायला सारखे पण मांडणी वेडीवाकडी. रांग नाही, चौकट नाही, डोळ्यांना धरून ठेवता येईल असा आकारही नाही. पाटीच्या एका बाजूला तपासणारा बसतो, समोर तुम्ही. ठोकळ्यांवर एक ते नऊ आकडे असतात, पण ते तपासणाऱ्याच्या बाजूने. तुम्हाला दिसतात त्या कोऱ्या बाजू. तपासणारा बोटाने एका ठोकळ्याला स्पर्श करतो, सेकंदाने दुसऱ्याला. मग हात मागे घेतो आणि तुमच्याकडे पाहतो. आता तेच दोन ठोकळे, त्याच क्रमाने, तुम्ही दाखवायचे.

दोन कुणालाही जमतात. तीनही जमतात. चारपर्यंत माणूस खुर्चीत रेलून बसलेला असतो. पाचला पाठ सरळ होते. सहाला ओठ हलायला लागतात, कारण आपण मनाशी काहीतरी पुटपुटायला बघतो: वरचा, मग तो कडेचा, मग मधला. पण ठोकळ्यांना नावे नाहीत, त्यामुळे पुटपुटून फारसे साधत नाही. नेमके तेच तर हवे आहे! शब्दांचा आधार काढून घेतला की मागे काय उरते, ते पाहण्यासाठीच ही पाटी बनवली आहे. एका लांबीचे दोन्ही प्रयत्न चुकले की चाचणी थांबते. धडधाकट प्रौढ माणूस साधारणपणे पाच-सहा ठोकळ्यांपर्यंत पोचतो. आकडे ऐकून परत म्हणायला लावले तर बहुतेकांची मजल सातच्या आसपास जाते. म्हणजे ठोकळ्यांत एखाददुसरा कमीच.

ही कॉर्सीची चाचणी. फिलिप कॉर्सी हा कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातला विद्यार्थी, ब्रेंडा मिल्नर यांच्या हाताखाली काम करणारा. 1972 साली त्याने पीएच.डी.चा प्रबंध सादर केला आणि त्या प्रबंधातली ही पाटी पुढे जगभरच्या मेंदूविकार विभागांत, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत जाऊन बसली. आज संगणकाच्या पडद्यावरही ती मिळते. चौकोन उजळतात आणि आपण बोट लावतो. पडद्यावर समोरच्याचा हात हवेतून जाताना दिसत नाही, हा फरक किरकोळ वाटला तरी तो आहेच. 1998 साली काही संशोधकांनी तोवर छापून आलेले कॉर्सीवरचे काम एकत्र वाचले, तेव्हा असे दिसले की ठोकळ्यांची संख्या, मांडणी, स्पर्शाचा वेग, गुण देण्याची रीत, सगळ्यांतच जो तो आपापल्या परीने चाललेला होता. नाव एकच आणि मोजपट्ट्या निरनिराळ्या. त्यानंतर एक ठरावीक मांडणी आणि ठरावीक क्रम सुचवले गेले. तरीही कुणी ‘माझा कॉर्सी सहा’ म्हणाले तर ‘कुठल्या पाटीवर?’ असा प्रश्न विचारायला जागा राहतेच.

ठोकळ्यांची एक गंमत आणखी. आकडे उलट क्रमाने म्हणायला सांगितले तर जवळजवळ प्रत्येकाची तारांबळ उडते. सुलटे सात येणाऱ्याला उलटे पाचच येतात. कॉर्सीच्या पाटीवर मात्र उलटा क्रम सुलट्याहून फारसा जड जात नाही. क्रम मागून पुढे वाचण्यासाठी आकड्यांची ओळ मनात पुन्हा पुन्हा फिरवावी लागते; ठोकळ्यांचा मार्ग मात्र डोळ्यांसमोर एखाद्या रेषेसारखा पडलेला असतो आणि रेषा कुठल्याही टोकाकडून गिरवता येते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते पूर्ण आहे असे मला वाटत नाही, पण पटण्यासारखे आहे. ज्या मार्गात रेषा एकमेकींना छेदतात तो लक्षात ठेवायला अधिक अवघड जातो, ही गोष्टही याच्याशी जुळते.

पण कॉर्सीच्या प्रबंधातला खरा ऐवज या ‘किती ठोकळे’मध्ये नव्हता. मिल्नर यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांवर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झालेली असे. कुणाच्या मेंदूच्या उजव्या बाजूचा, कुणाच्या डाव्या बाजूचा, कानशिलाजवळचा भाग काढलेला. या भागाच्या आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस असतो. गंमत अशी की या रुग्णांची ठोकळ्यांची मजल बहुधा ठीकच यायची. मग कॉर्सीने मॅकगिलमधल्याच डोनाल्ड हेब यांची एक युक्ती उचलली. रुग्णाच्या आवाक्यापेक्षा एक ठोकळा जास्त घ्यायचा आणि क्रमामागून क्रम दाखवत जायचे. दर तिसऱ्या वेळी मात्र तोच एक क्रम गुपचूप परत आणायचा. रुग्णाला याची कल्पना द्यायची नाही. निरोगी माणसाला काही कळो न कळो, तो परत परत येणारा क्रम हळूहळू त्याच्या हाताला जमायला लागतो. ज्यांचा उजवा हिप्पोकॅम्पस बराचसा काढलेला होता त्यांना तो जमत नव्हता. जितका भाग जास्त काढलेला, तितकी शिकण्यातली खोट मोठी. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेल्यांची अडचण उलट होती: त्यांना ठोकळे जमायचे, पण परत येणारी आकड्यांची ओळ नाही.

या एका प्रयोगातून दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. क्षणभर धरून ठेवणे म्हणजे फळ्यावर लिहिणे. वारंवारच्या ओळखीतून पक्के होणे म्हणजे वहीत उतरवणे. फळा धड असून वही फाटलेली असू शकते. ‘जागेची स्मृती’ या एकाच नावाखाली या दोन्ही येतात आणि नुसती मजल मोजणाऱ्या चाचणीला यांतली एकच दिसते. प्रौढांच्या स्मृतीवरच्या लेखांत कॉर्सीचा आकडा वाचताना मी हे आधी पाहतो: नुसती मजल मोजली आहे, की शिकणेही?

मिल्नर यांच्या नावाशी जोडलेला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे हेन्री मोलेसन. तो हयात असेपर्यंत जगाला फक्त एच. एम. या आद्याक्षरांनी ठाऊक होता. 1953 साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढला गेला. त्यानंतर नव्या गोष्टी त्याच्या आठवणीत राहीनात. रोज भेटणारी डॉक्टरीणबाई त्याला रोज नवी. पुस्तकांत त्याची गोष्ट इथेच संपते. पण 1958 मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी, तो एका नव्या घरात राहायला गेला होता आणि तिथे 1974 पर्यंत राहिला. त्या घराचा नकाशा काढायला सांगितल्यावर त्याने खोल्या कुठे कशा आहेत हे बरोबर काढून दाखवले! वर्षानुवर्षे त्याच दारांतून, त्याच बोळातून फिरून हा आराखडा कुठेतरी मुरला होता. मेंदूचे जे भाग त्याच्याकडे शिल्लक होते त्यांनी सावकाश हे काम केले असावे, असे त्याचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या सुझन कॉर्किन यांचे मत होते. जागा नव्याने शिकायला लावणाऱ्या अर्ध्या तासाच्या चाचणीत त्याला शून्याच्या जवळपासच गुण मिळाले असते. सोळा वर्षांची चाचणी कुणी लावत नाही.

आता ठोकळे सोडून वस्तूंकडे येऊ. रोजच्या आयुष्यात आपल्याला ‘कुठल्या क्रमाने’पेक्षा ‘काय कुठे’ हे जास्त लागते. चष्मा कुठे ठेवला, गाडीची किल्ली कुठे, लग्नपत्रिका कुठल्या खणात. मेरी लू स्मिथ आणि मिल्नर यांनी 1981 मध्ये यासाठी एक नामी प्रयोग केला. एका फळीवर सोळा लहान खेळणी विखरून ठेवली. समोरच्या माणसाला सांगितले, यातल्या प्रत्येक खेळण्याची खरी वस्तू बाजारात साधारण कितीला मिळेल, याचा अंदाज सांगा. माणूस किमतीच्या हिशेबात गुंतला. आठवणीची परीक्षा आहे याचा त्याला पत्ताच नाही. मग खेळणी काढून घेतली आणि विचारले, कुठल्या वस्तू होत्या? शेवटी खेळणी हातात देऊन सांगितले, होती तिथे ठेवा. प्रत्येक खेळणे मूळ जागेपासून किती अंतरावर पडले ते पट्टीने मोजायचे. त्या अंतरांवरून चूक काढायची.

मला हा प्रयोग फार आवडतो, आणि त्याचे कारण त्यातले फसवणे. ‘लक्षात ठेवा’ म्हटले की माणूस युक्त्या लढवतो: हे डावीकडचे तीन, ही कोपऱ्यातली जोडी. खऱ्या आयुष्यात आपण किल्ली ठेवताना अशा युक्त्या लढवत नाही, म्हणून तर ती हरवते. किमतीच्या आड दडवलेला प्रश्न तीच बेसावध आठवण पकडतो. उजवा हिप्पोकॅम्पस गेलेले रुग्ण यात मागे पडले; काय होते हे त्यांना सांगता येई, पण कुठे होते हे नाही. पुढे 1989 मध्ये याच दोघींनी दाखवले की लगेच विचारले तर या रुग्णांची मांडणी जवळपास इतरांसारखीच येते. चार मिनिटे जाऊ दिली की मात्र घसरते. जागा मनात शिरते, टिकत नाही.

वस्तूंच्या जागांबद्दल आणखी एक निष्कर्ष बराच गाजला. 1992 साली अर्विन सिल्व्हरमन आणि मॅरियन ईल्स यांनी कागदावर चितारलेल्या वस्तू मिनिटभर दाखवल्या, मग दुसऱ्या कागदावर काहींच्या जागा बदलल्या. कुठल्या हलल्या हे ओळखण्यात बायका पुरुषांच्या पुढे गेल्या. त्याच काळात घनाकृती मनात फिरवण्याच्या चाचण्यांवरून ‘पुरुषांची जागेची जाण चांगली’ असे सर्रास बोलले जाई. तेव्हा कोण सरस, हे आधी कुठला कागद पुढ्यात ठेवला यावर ठरते.

टेबलावरून उठून जमिनीवर उतरलो की चित्र आणखी बदलते. इटलीत लॉरा पिकार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 च्या सुमारास कॉर्सीची पाटी मोठी करून खोलीत अंथरली: तीन मीटर बाय अडीच मीटरचा गालिचा, त्यावर नऊ चौकोन, मांडणी तीच. तपासणारा चौकोनाचौकोनांवरून चालत जातो, प्रत्येकावर क्षणभर थांबतो, आणि मग तुम्ही तसेच चालून दाखवायचे. टेबलावर बसून पाहताना सगळी पाटी एका नजरेत असते. गालिच्यावर प्रत्येक वळणाबरोबर समोरचे जग फिरते, काही चौकोन पाठीमागे जातात. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत दोन्ही तऱ्हा सापडल्या: टेबलावर ठीक पण गालिच्यावर गोंधळलेले, आणि गालिच्यावर ठीक पण टेबलावर अडखळणारे. म्हणजे हाताच्या टप्प्यातली जागा आणि पायांनी चालायची जागा यांचा हिशेब मेंदू निदान काही अंशी वेगळा ठेवतो. दवाखान्यात चाचणी चांगली येऊनही आजोबा दूध आणायला गेले की चुकतात, अशी घरच्यांची तक्रार असते. ती ऐकून घ्यायला एवढे एक कारण पुरे आहे.

चालत्या जागेचे मोजमाप प्राण्यांवर आधी पक्के झाले. रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांसाठी गोल हौद केला. पाण्यात दूध घालून ते गढूळ केले आणि पृष्ठभागाच्या जरा खाली एक लहानसा चौथरा दडवला. उंदीर पोहत पोहत तो शोधतो आणि काही वेळा सोडल्यावर खोलीतल्या खुणांच्या आधाराने थेट तिकडे जातो. मग चौथराच काढून टाकायचा आणि उंदीर हौदाच्या कुठल्या भागात घुटमळतो ते पाहायचे. ही शेवटची खेळी हुशारीची आहे: सापडण्याचे बक्षीस काढून घेतले की उरते ती केवळ अपेक्षा.

प्रौढ माणसांना गढूळ पाण्यात सोडता येत नाही. म्हणून अमेरिकेत एका चमूने गोल तंबू उभारला, आत एक खांब. सहभागी माणसाने खांबाची जागा पाहून घ्यायची, मग खांब हलवला की तो पुन्हा त्याच जागी आणून उभा करायचा. म्हाताऱ्यांची चूक तरुणांपेक्षा जास्त अंतराने आली. पुढे बहुतेक कामे संगणकावरच्या आभासी हौदात होऊ लागली, आणि तिथे एक जुनीच अडचण नव्या वेषात आली. खुर्चीत बसून कळ दाबताना पायांना, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला काहीच कळत नाही. शरीराकडून मिळणारी अर्धी माहिती गायब. शिवाय सत्तरीच्या माणसाला कळ हाताळणेच परके असेल, तर कमी गुण स्मृतीचे की कळीचे? म्हणून शहाणे संशोधक आधी दिसत्या खांबाकडे जायला लावतात. तिथेही वेळ लागला तर तो वेळ वजा धरायचा, हे ओघानेच आले.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांची गोष्ट बऱ्याच वाचकांच्या कानावर असेल. पण ती सांगताना लोक निम्मीच सांगतात. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे 25 हजार रस्ते, शिवाय हॉटेले, इस्पितळे, नाटकगृहे, न्यायालये पाठ असल्याशिवाय तिथे काळ्या टॅक्सीचा परवाना मिळत नाही. उमेदवार तीन-चार वर्षे बहुधा मोटरसायकलवर, हँडलला नकाशा लावून गल्ल्या घोकत फिरतात. परीक्षा तोंडी. परीक्षक दोन ठिकाणे सांगतो. उमेदवाराने नकाशा न पाहता, हवेत बघत, एकेक रस्ता आणि एकेक वळण बोलून दाखवायचे. सुरुवातीला दोन परीक्षांमध्ये 56 दिवसांचे अंतर, मग 28, शेवटी 21. प्रौढ माणसाच्या जागेच्या स्मृतीची याहून खडतर मोजणी कुठल्याही प्रयोगशाळेने केलेली नाही, आणि ती मानसशास्त्रज्ञांनी नाही, परवाना खात्याने बसवली.

एलिनॉर मॅग्वायर यांनी 2000 साली अशा 16 टॅक्सीचालकांचे मेंदू तपासले. हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि जितकी वर्षे धंद्यात तितका मोठा. इथवर सगळ्यांना माहीत. पण पुढचा भाग मात्र त्यांचा लहान होता. आणि 2006 मध्ये त्यांनी बसचालकांशी तुलना केली, तेव्हा एक चाचणी टॅक्सीवाल्यांना जड गेली. रे या स्विस मानसशास्त्रज्ञाची ही आकृती: आयत, कर्ण, त्रिकोण, वर्तुळात तीन ठिपके, अशा 18 तुकड्यांची एक गुंतागुंतीची रेघाटी. आधी पाहून काढायची. मग ती नजरेआड करून काही वेळाने आठवून काढायची. प्रत्येक तुकड्याला दोन गुण, एकूण 36. टॅक्सीवाल्यांनी पाहून नीट काढली, आठवून काढताना ते बसचालकांच्या मागे पडले. 25 हजार रस्ते डोक्यात असलेला माणूस एका कागदावरची आकृती काही वेळाने बसचालकाइतकीही आठवून काढू शकत नाही!

मग ते मुळातच तसे होते, की शिकता शिकता तसे झाले? याचे उत्तर मिळवायला कॅथरीन वुलेट आणि मॅग्वायर यांनी 79 उमेदवारांना शिकण्याच्या आरंभी तपासले आणि काही वर्षांनी पुन्हा. 2011 च्या अहवालात 39 जण परवाना मिळवलेले होते. सुरुवातीला कुणात काही फरक नव्हता; उत्तीर्ण झालेल्यांतच मागचा हिप्पोकॅम्पस वाढलेला दिसला, आणि आकृती आठवण्यातली उणीवही त्यांच्यातच. प्रौढ मेंदू बदलतो, हा आशेचा भाग वर्तमानपत्रांनी उचलला. त्याची किंमतही मोजावी लागते, हा भाग फारसा कुणी छापला नाही. आणि माझ्यासारख्या मोजमापाच्या वेडाला तिसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. दवाखान्यात जागेची स्मृती म्हणून सर्रास वापरली जाणारी चाचणी जगातल्या अव्वल वाटाड्यांना कमी गुण देते.

2016 साली मोजणीचा मार्गच कुणीतरी उलटवला. माणसांना प्रयोगशाळेत बोलावण्याऐवजी प्रयोगशाळा लोकांच्या खिशात पाठवली. ‘सी हीरो क्वेस्ट’ हा मोबाइलवरचा होडीचा खेळ. आधी नकाशा दिसतो, त्यावर क्रमांक लावलेले तरंगते टप्पे. नकाशा जातो आणि होडी हाकत त्याच क्रमाने ते टप्पे गाठायचे. काही पातळ्यांवर वळणावळणाच्या पाण्यातून गेल्यावर मागे, निघालो त्या दिशेला, दारूचा बाण सोडायचा. होडी कुठे आहे याची नोंद सेकंदाला दोनदा होत राहते. लंडनचे ह्यूगो स्पायर्स आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे मायकेल हॉर्नबर्गर यांनी हा डिमेन्शियाच्या संशोधनासाठी आखला होता, आणि चाळीस लाखांहून अधिक लोकांनी तो खेळला. एवढे लोक भिंतींच्या आत कुणी कधी गोळा केले असते!

यातून दिसलेली पहिली गोष्ट काहीशी उदास करणारी: विशी ओलांडल्यापासूनच कामगिरी हळूहळू उतरू लागते, साठीची वाट पाहत नाही. दुसरी: पुरुष-स्त्रियांतला फरक सगळ्या देशांत सारखा नव्हता, जिथे स्त्री-पुरुष विषमता जास्त, तिथे तो जास्त. तिसरी 2022 साली आली. 38 देशांतल्या जवळपास चार लाख खेळाडूंच्या माहितीवरून दिसले की शहराबाहेर वाढलेले लोक सरासरीने वाट काढण्यात सरस असतात. त्यातही शिकागोसारख्या सरळ चौकटीच्या शहरांत वाढलेल्यांना वेड्यावाकड्या पाण्यांत जास्त अडायला होई. प्रागसारख्या जुन्या, वळणांच्या शहरात वाढलेल्यांना तसे होत नसे. लहानपणी पायाखालून गेलेले रस्ते प्रौढपणी गुणपत्रिकेत उतरतात.

स्मार्टफोन हाताळण्याची सवय सगळ्यांची सारखी नसते, म्हणून पहिल्या दोन सोप्या पातळ्यांवरची कामगिरी आधार धरून बाकीचे गुण तोलले गेले. खेळातले कौशल्य खऱ्या रस्त्यावर उतरते का, हेही लंडन आणि पॅरिसच्या गल्ल्यांत माणसांना चालवून पाहिले. मेळ बसला. तरी एक गाळणी राहतेच. जो खेळ उतरवून घेतो, कंटाळून सोडत नाही, तोच मोजला जातो.

साध्या प्रश्नांनी काम भागत नाही का? बऱ्यापैकी भागते, हे विशेष. मेरी हेगार्टी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 15 विधानांची एक यादी केली: नवीन गावात मी सहज चुकतो, मला दिशा पटकन कळतात, अशा धाटणीची; एक ते सातमध्ये उत्तर द्यायचे. माणसे स्वतःबद्दल बढाया मारतील अशी धास्ती होती. पण इमारतीत फिरवून आणल्यावर ‘आता मुख्य दार कुठल्या दिशेला?’ असे बोट करायला लावले, तेव्हा स्वतःला चांगले म्हणणाऱ्यांची चूक खरोखर कमी अंशांची आली. डोळे मिटून अंदाजपंचे बोट केले तर सरासरी चूक 90 अंश येते. त्याच्या किती खाली आहात ते मोजायचे. कागदी चाचण्यांपेक्षा ही यादी शरीर हलवून केलेल्या कामाशी जास्त जुळली. तेव्हा ‘मला रस्ते लक्षात राहत नाहीत’ असे कुणी म्हणाले तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दवाखान्यात मात्र प्रश्न कामगिरीचा नसतो, रोगाचा असतो. अल्झायमरची झीज मेंदूत ज्या भागांपासून सुरू होते ते भाग आणि वाट ओळखण्याचे भाग एकमेकांवरच आहेत. म्हणून इथे कामी येते ती टॉम हार्टली, नील बर्जेस आणि मंडळींनी 2007 मध्ये आणलेली चार डोंगरांची चाचणी. पडद्यावर चार डोंगर असलेला एक मुलूख काही सेकंद दिसतो. थोड्या वेळाने चार चित्रे येतात. त्यातल्या एकात तोच मुलूख असतो, पण दुसऱ्या बाजूने पाहिलेला, आणि ऊन, हवा, झाडोराही बदललेला. रंग किंवा ढग लक्षात ठेवून उपयोग नाही. डोंगरांची एकमेकांशी असलेली मांडणीच धरावी लागते. अल्झायमरच्या वाटेवर असलेले लोक इथे लवकर अडतात. नावे किंवा शब्द विसरणे वयानेही होते, काळजीनेही होते. दुसऱ्या बाजूने तोच डोंगर न ओळखणे तितके सरधोपट नाही.

भारतात चाचणी नेताना आणखी एक अडसर असतो: अक्षर. कागद-पेन्सिल कधी न धरलेल्या बाईला पंचकोन काढायला सांगून तिची स्मृती मोजणे म्हणजे शाळा मोजणे. 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडमध्ये मेरी गांगुली आणि भारतीय सहकाऱ्यांनी पाश्चात्त्य चाचणीचे हिंदी रूप बनवले, ते हे ओळखून. स्थळाचे प्रश्न गावकऱ्याच्या जगातले ठेवले. तुमचे गाव कोणत्या पोस्टात येते, जिल्हा कोणता, असे. वाक्य लिहा याऐवजी घराबद्दल काहीतरी बोला. वाचून डोळे मिटा याऐवजी माझ्याकडे पाहून मी करतो तसे करा. यात सवलत काही नाही. मोजायचे होते तेच मोजायची धडपड होती.

शेवटचा पेच सर्वांत अवघड: बरोबर उत्तर कोणते? नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लँक संस्थेच्या स्टीफन लेव्हिन्सन यांच्या चमूने टेबलावर खेळण्यातले प्राणी ओळीने मांडले, सगळ्यांची तोंडे, समजा, उजवीकडे. सहभागी माणसाला लक्षात ठेवायला सांगितले. मग त्याला मागे वळवून दुसऱ्या टेबलाशी नेले आणि म्हटले, तशीच मांडा. डच माणूस पुन्हा उजवीकडे तोंडे करतो. मेक्सिकोतल्या तेनेहापाच्या डोंगरात त्सेल्ताल बोलणारा शेतकरी मात्र प्राण्यांची तोंडे ज्या दिशेला होती त्याच दिशेला ठेवतो. वळल्यामुळे ती आता त्याच्या डावीकडे आलेली असतात. रमेश मिश्र आणि पियर दासेन यांनी वाराणसीत मुलांबरोबर असेच प्रयोग केले, आणि तिथेही दिशेला धरून मांडणारे पुष्कळ निघाले.

मराठी वाचकाला हे अगदी परके वाटू नये. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा असतात: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पायवाट. तिथे डावे-उजवे लिहून कुणाचे भागणार नाही. उगवतीच्या अंगाला, वरच्या आळीत, खालच्या वाडीवर, असे सांगणारा माणूस फिरला तरी त्याचे वर्णन फिरत नाही. ही सवय असलेल्या कुणाला एखाद्या चाचणीत उजवे-डावे धरून गुण दिले, तर तो चुकला असे नोंदले जाईल, आणि तो चुकलेला नसेल.

पण हा निष्कर्षही पुरता स्थिर राहिला नाही. पेगी ली आणि लायला ग्लाइटमन यांनी 2002 मध्ये दाखवले की खिडकीचा पडदा उघडा ठेवला किंवा टेबलापाशी ठळक खूण ठेवली की अमेरिकन विद्यार्थीही दिशेकडे झुकतात. लेव्हिन्सन यांच्या गटाला ते मान्य झाले नाही, वाद रंगला. मग 2011 मध्ये ली आणि सहकारी तेनेहापालाच गेले. यावेळी काम असे बेतले होते की ‘तशीच मांडा’ ही मोघम सूचना उरू नये. शरीराला धरून सोडवायचे की दिशेला धरून, हे कामातूनच उघड व्हावे आणि उत्तर एकच बरोबर असावे. त्सेल्ताल बोलणाऱ्या गावकऱ्यांना शरीराला धरून, डाव्या-उजव्याच्या हिशेबाने सोडवायची कामेही नीट आली, काही ठिकाणी दिशेच्या कामांपेक्षाही सरस. आधीच्या प्रयोगात त्यांनी डावे-उजवे वापरले नव्हते, कारण ते वापरा असे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.